हायब्रिड सेडान: तुलना करायची तर रोजच्या रस्त्यावर करा

‘पुण्यात रोज पन्नास किलोमीटर जाणं-येणं आहे, हायब्रिड सेडान घ्यायच्या आधी तुलना कशी करावी? घरचे म्हणतात फरकाचे पैसे कधीच वसूल होत नाहीत.’ तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. हेच वाक्य मी दोन वर्षं माझ्या दादाकडून ऐकतेय.

तुलना आधी उरकते. खरी हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनसोबत विजेची मोटर असलेली आणि त्या मोटरवर एकटीवरही चालणारी गाडी. वीस लाखांच्या आसपास अशी सेडान एकच, होंडा सिटी ई:एचईव्ही. तिच्यावर थेट टोयोटा कॅमरी, पन्नास लाखांच्या घरातली. मारुतीच्या सेकंडहँड सियाझवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेलं दिसेल. त्यातली मोटर इंजिनला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. ती यात धरू नका. म्हणजे तुमची तुलना सिटीची सिटीशीच आहे, पेट्रोल ऑटोमॅटिक की चार लाखांनी महाग हायब्रिड.

मी हायब्रिड घेतली. गेल्या गणपतीत तीच घेऊन चिपळूणला निघालो. उंब्रजपर्यंत हायवेला दादा चालवत होता, काटा शंभरच्या खाली येऊ दिला नाही. पाटणला चहाला थांबलो तेव्हा स्क्रीनवरचा लिटरला १८ किलोमीटरचा आकडा दाखवून म्हणाला, “हे बघ तुझं ब्रोशरमधलं सत्तावीस.” पुढे कुंभार्ली घाट उतरताना निम्म्यात इंजिन एकदम घोंघावायला लागलं, तेही पाय ॲक्सिलरेटरवर नसताना. दादाने गाडी कडेला घेतली. “गेली गाडी,” म्हणाला. मागे बसलेल्या आईचा चेहरा उतरला.

काहीच झालं नव्हतं. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालते, गाडीला आवरते आणि बॅटरी भरते. बॅटरी लहान, लांब घाटात ती मधेच भरते. मग जास्तीची वीज खर्च करायला गाडी इंजिन नुसतं फिरवते. आपण साध्या गाडीत दुसऱ्या गिअरवर घाट उतरतो, त्यातलाच प्रकार. मी हे सांगितलं, तर दादा म्हणाला, “तुला गाडीतलं काय कळतं? तू फक्त चालवतेस.” संध्याकाळी आरती झाल्यावर सगळ्या भावकीसमोर, “हिने चार लाख पाण्यात घातले.”

हो, मी चालवते. हडपसर ते हिंजवडी, जाऊन-येऊन साठ किलोमीटर, आठवड्यातले पाच दिवस. संध्याकाळी विद्यापीठ चौकात गाड्या इंचाइंचाने सरकतात, तेव्हा माझ्या मीटरवर हिरवा ‘ईव्ही’ दिवा असतो, एसी चालू असतो आणि इंजिन बंद. या रस्त्यावर जुनी पेट्रोल ऑटोमॅटिक ११ द्यायची, ही २० च्या खाली आलेली नाही. बाकीचं फिरणं मिळून वर्षाला वीस हजार किलोमीटर धरा. ११ ने १,८१८ लिटर, २० ने १,०००. लिटरला १०४ रुपयांनी वर्षाचे ८५ हजार वाचतात. चार लाखांचा फरक पाच वर्षांच्या आत निघतो, आणि बॅटरीची वॉरंटी ८ वर्षांची आहे. हायवेला एका वेगाने चालताना इंजिन सरळ चाकांना जोडलं जातं, ब्रेक लागत नाही, म्हणून ब्रेकमधून परत मिळवायला वीजही नसते. दादाने तिथला आकडा घेतला आणि निकाल दिला.

तुमचं रनिंग वर्षाला दहा हजारांच्या आत असेल किंवा बहुतेक एक्स्प्रेसवेवरचं असेल, तर मात्र दादाच बरोबर. पेट्रोल घ्या.

डिकीचंही लिहायला हवं. पेट्रोल सिटीत ५०६ लिटर, हायब्रिडमध्ये ३०६, कारण बॅटरी तिथे बसते. मी आईची घडीची व्हीलचेअर शोरूममध्ये घेऊन गेले, तर सेल्समन म्हणाला, “मॅडम, ब्रोशरमध्ये आहे ना सगळं.” तरी आडवी-उभी घालून पाहिली. आडवी बसली, वर दोन पिशव्या राहिल्या. तुमच्या घरात जे नेहमी न्यावं लागतं ते घेऊनच जा. आणि रोड टॅक्सची आशा धरू नका. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिडचा माफ केला होता, महाराष्ट्रात तो पेट्रोल गाडीसारखाच भरावा लागतो.

टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सहाला मागा, तुमच्याच ऑफिसच्या रस्त्यावर. सकाळी अकराला रिकाम्या रस्त्यावर फिरवून आणतील, त्याला नाही म्हणा. सोबत काका, भाऊ, मेहुणे नेऊ नका. रोज जो चालवणार त्यानेच स्टिअरिंग धरावं, आणि निर्णयही त्याचाच असावा. तुमच्याकडे ते कोण आहे, हे प्रश्नात लिहिलेलं नाही.