पहिल्यांदाच क्राफ्ट बिअर घेताना

लोअर परळच्या ब्रुअरीत, म्हणजे थोड्या प्रमाणात बिअर बनवून तिथेच देणाऱ्या जागी, दुपारच्या जेवणाला प्रथमच जाणार असाल, तर बसल्याबसल्या पूर्ण ग्लास मागवू नका. चवीपुरते छोटे ग्लास मिळत असतील तर ते घ्या आणि गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करून काळ्या, भाजक्या चवीच्या स्टाउटकडे जा, कारण आयपीए (इंडिया पेल एल) ही कडवट बिअर आधी घेतली की नंतरच्या सौम्य बिअरची चव जिभेला कळेनाशी होते. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर गढूळ दिसते म्हणून नवखे लोक बिचकतात, पण तो दोष नव्हे. ग्लास नाकाशी धरा. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येईल. त्यात केळे किंवा लवंग काहीच घातलेले नसते, तो वास बिअर आंबवणाऱ्या यीस्टमुळे येतो, आणि मला आजही त्याचे नवल वाटते. तिच्यासोबत कुरकुरीत बोंबील अवश्य मागवा. झणझणीत कोळंबीबरोबर मात्र आयपीए टाळा, कारण कडवटपणामुळे तिखट अधिकच झोंबते. रिकाम्या पोटी पिऊ नका, मधूनमधून पाणी घ्या आणि गाडी घरी ठेवून लोकलने या. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून ओळखपत्र जवळ असू द्या. हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, जाती आणि कडवटपणाचे आकडे यांत तूर्त शिरू नका.