थायलंडच्या खाओ याई राष्ट्रीय उद्यानात तंबूत राहणं सुरक्षित आहे का? पावसाळ्यात गेलं तर चालेल का?

हत्तींची धास्ती घेतली असेल तर थोडी कमी करा. खाओ याईत रानहत्ती आहेत, संध्याकाळी डांबरी रस्त्यावरही येतात. दिसला तर गाडी लांबच थांबवायची, हॉर्न वाजवायचा नाही. पण तंबूवाल्यांना खरा ताप सांबरांचा.

आम्ही ऑगस्टमध्ये लाम ताखोंगला, ओढ्याकाठच्या कॅम्पसाइटवर दोन रात्री होतो. पहिल्याच रात्री बाहेर कचकच आवाज. चेन थोडी उघडून टॉर्च मारला तर समोर सांबराची मादी, तोंडात आमचा चिवडा, पिशवीसकट! चिवड्याचं सोडा, ते प्लास्टिक पोटात गेलं तर जनावर मरायचं. नवऱ्याने ताट बडवलं तेव्हा कुठे तिने पिशवी टाकली. चूक आमचीच, खाणं बाहेर ठेवलं होतं. 2020 मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी लोकांनी टाकलेला कचरा खोक्यात भरून टपालाने त्यांच्याच घरी पाठवला होता. तंबूसाठी नाव-पत्ता लिहून घेतात ना! (आपल्या गडांवर हे कधी सुरू होणार?)

पावसाळ्यात दुसरी गोष्ट म्हणजे जळवा. पावसात आंबोलीला भटकला असाल तर ओळख असेलच. खाओ याईत गुडघ्यापर्यंतचे खास कापडी मोजे मिळतात, पँट त्यात खोचायची. तरी एक माझ्या कमरेपर्यंत पोचलीच. दुखत नाही, पण तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे बराच वेळ ठिबकत राहतं. घाबरायचं नाही.

एवढं सोसायची तयारी असेल तर पावसाळ्यातच जा. हेव सुवात धबधबा भरून कोसळत असतो, गर्दी कमी, आणि पहाटे गिबन वानरांची हाक सुरू झाली की झोपावंसं वाटत नाही. जळवांची किळस असेल तर डिसेंबर-जानेवारी बरा. तेव्हा रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर हवा.

बँकॉकहून उद्यानाजवळच्या पाक चोंग गावापर्यंत रेल्वे किंवा व्हॅन. उद्यानात बस नाही, त्यामुळे गाडी भाड्याने घ्याच. तंबू, स्लीपिंग बॅग तिथेच भाड्याने मिळतात. परदेशी माणसाचं तिकीट आम्हाला 400 बाट पडलं, थाई लोकांना बरंच स्वस्त. दारूला बंदी आहे.

चिवडा मात्र जरूर न्या. घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि रात्री तो डबा गाडीत.