‘तीर्थयात्रा’ हा शब्द जपून वापर

प्रिय,

तुझा लेख वाचला. भाषा ओघवती आहे. पण फुटबॉलच्या मैदानाची भेट, मित्रांसोबतची डोंगरातली सहल आणि आवडत्या लेखकाच्या घरापर्यंतचा प्रवास, या तिन्हींना ‘तीर्थयात्रा’ म्हटलं आहेस. इतका सढळ हात नको.

तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, जिथून पलीकडे जाता येतं ती जागा. तरून जाणे या अर्थाच्या ‘तॄ’ धातूपासून तो शब्द आला. जैनांचे तीर्थंकर त्याच कुळातले. इंग्रजी ‘पिलग्रिम’चं मूळ लॅटिन ‘पेरेग्रिनस’मध्ये, म्हणजे परका, परमुलखातला. मला हा परकेपणा महत्त्वाचा वाटतो. परक्याला तिथली शिस्त पाळावी लागते.

हजचंच बघ. मक्केच्या अलीकडे ठरलेल्या सीमा आहेत, त्यांना मीकात म्हणतात. त्या ओलांडण्याआधी इहराम धारण करायचा: पुरुषांना दोन न शिवलेली वस्त्रं, आणि इहराम सुटेपर्यंत केस-नखं कापायची नाहीत, अत्तर लावायचं नाही. विमानानं गेलं तरी यातून सुटका नाही. म्हणून पायी चालणं हीच यात्रेची खूण असं धरून चालू नकोस. (स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाचं यात्रा-प्रमाणपत्र चालत मिळवायचं असेल तर मात्र किमान १०० किलोमीटर चालावेच लागतात.) कैलासाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे शिखर गाठायचंच नसतं. भाविक साधारण ५२ किलोमीटरची प्रदक्षिणा घालतात आणि माघारी फिरतात. हिंदू-बौद्ध पर्वत उजव्या हाताला ठेवून, तिबेटातल्या बोन परंपरेचे लोक उलट दिशेनं. एवढ्या लांब जायचं आणि वर चढायचं नाही! पर्यटकाला हे कसं पटवशील?

‘वारी’ तर आणखी जपून. तिच्यात पुन्हा पुन्हा जाण्याचा नेम आहे. पंढरपूरला एकदा जाऊन आलेल्याला कोणी वारकरी म्हणत नाही. ‘परदेशवारी’ हा शब्द मला अजून खटकतो, पण तो आता रुळला, त्याला इलाज नाही.

तेव्हा प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचार: त्या जागेनं माझ्याकडून काही मागितलं का? मैदानानं तिकीट मागितलं, एवढंच, ती भेट. सहलीला सहल म्हण. लेखकाच्या घराबद्दल मात्र माझं मत ठरत नाही. घर बंद असतं हे माहीत असूनही दारापर्यंत जाणं, हे तू एका ओळीत उरकलं आहेस. तो भाग सविस्तर लिहून पाठव, मग शब्द ठेवायचा की काढायचा ते बघू.