मार्व्हलचं अदरवर्ल्ड म्हणजे केल्टिक लोकांचं पाताळच का?

कॅप्टन ब्रिटन आणि एक्स-मेनच्या कॉमिक्समधलं अदरवर्ल्ड केल्टिक पुराणकथांतून जसंच्या तसं घेतलंय का, आणि मेलेली माणसं तिथे जातात का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. ते यमलोकासारखं नाही, पापपुण्याचा हिशेब तिथे होत नाही. विष्णुपुराणात नारद पाताळ पाहून येतो आणि ते स्वर्गाहूनही रम्य आहे असं सांगतो. वेल्श, म्हणजे वेल्समधल्या केल्टिक लोकांच्या, कथांमधलं अनून हे दुसरं जग साधारण त्याच जातीचं आहे.

पुइलची गोष्ट वाचलीत की हे लगेच कळेल. पुइल हा वेल्समधल्या डव्हेड या राज्याचा राजा. शिकारीला गेलेला असताना त्याला एक कुत्र्यांचा कळप दिसतो: अंग पांढरंशुभ्र, कान लालभडक. त्यांनी एक सांबर लोळवलेलं असतं. पुइल त्यांना हाकलून देतो आणि त्या शिकारीवर आपले कुत्रे सोडतो. तेवढ्यात करड्या कपड्यातला एक घोडेस्वार येतो. तो असतो अनूनचा राजा अरॉन. या उद्धटपणाची भरपाई म्हणून दोघांनी एक वर्ष एकमेकांचं रूप घेऊन एकमेकांच्या गादीवर बसायचं ठरतं. वर्षाच्या शेवटी पुइलने अरॉनचा वैरी हाव्गन याच्याशी लढायचं, पण वार एकच करायचा. दुसरा केला की हाव्गन दुसऱ्या दिवशी धडधाकट उठून उभा राहतो. पुइल ही अट पाळतो. वर्षभर तो अरॉनच्या राणीच्या शेजारी झोपतो, पण रोज रात्री तिच्याकडे पाठ करून. तेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मला या गोष्टीत दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे अनूनला दरवाजा नाही. रानात चार पावलं पुढे गेलं की आपण तिथे असतो. दुसरं, तिथे ताकदीपेक्षा शब्द पाळणं मोठं.

कॉमिक्समध्ये यातलं बरंच हरवलं. ब्रायन ब्रॅडॉक १९७६ साली कॅप्टन ब्रिटन झाला तो ख्रिस क्लेअरमाँट आणि हर्ब ट्रिम्प यांच्या कथेत. जादूगार मर्लिन आणि त्याची मुलगी रोमा त्याच्यापुढे तलवार आणि ताईत ठेवतात, तो ताईत निवडतो. इथवर सगळा रंग ब्रिटनच्या दंतकथेतल्या आर्थर राजाच्या कथांचाच आहे. पुढे १९८२ पासून अॅलन मूर यांनी लेखन हाती घेतलं, चित्रं अॅलन डेव्हिस यांची. तेव्हापासून अदरवर्ल्ड हळूहळू असंख्य विश्वांचं मुख्यालय होत गेलं. प्रत्येक पृथ्वीचा एकेक कॅप्टन, त्यांची फौज, खटले, अधिकारी. मार्व्हलच्या मुख्य पृथ्वीला ६१६ हा क्रमांक मिळाला तोही याच कथांमध्ये. कथा म्हणून त्या जबरदस्त आहेत, आजही मी त्या आवडीने काढून वाचतो. पण ते अनून नाही. अनूनमध्ये कचेरी असू शकत नाही.

तरीही एक धागा टिकला, आणि माझ्या मते तोच खरा वारसा आहे: तिथून परत येण्याची किंमत. ताल्येसिन या कवीच्या नावाने चालत आलेल्या एका जुन्या वेल्श कवितेत आर्थर अनूनमधली एक कढई आणायला निघतो. नऊ कुमारिकांच्या फुंकरीने पेटणारी ही कढई भित्र्याचं अन्न शिजवत नाही. प्रिदवेन हे त्याचं जहाज तीनदा भरेल इतकी माणसं जातात आणि कवितेत पुन्हापुन्हा तीच ओळ येते: सातजण सोडून कुणी परतलं नाही. दुसऱ्या एका कथेत आणखी एक कढई आहे. तिच्यात मेलेला योद्धा टाकला तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लढायला उभा राहतो, पण त्याची वाचा गेलेली असते.

मूर यांच्या कथेत फ्युरी नावाचं यंत्र ब्रायनला ठार करतं आणि मर्लिन त्याला पुन्हा घडवतो. तिथे ही किंमत फारशी जाणवत नाही. ती जाणवते २०२० च्या 'एक्स ऑफ स्वोर्ड्स'मध्ये. जोनाथन हिकमन आणि टिनी हॉवर्ड यांनी सूत्रं सांभाळलेली ही २२ भागांची मालिका आहे. त्या काळात एक्स-मेनना मरणाची भीतीच उरली नव्हती, कारण मेलेल्याला ते पुन्हा जिवंत करत. पण त्यांच्यातलाच रॉकस्लाइड अदरवर्ल्डमध्ये मरतो. त्याला उठवतात तेव्हा त्याच्याच अनेक विश्वांतल्या रूपांची सरमिसळ झालेला कुणी वेगळाच उभा राहतो, मित्रांना न ओळखणारा. मुक्या योद्ध्यांची ती कढई ज्याने वाचली असेल त्याला इथे काटा आल्याशिवाय राहणार नाही.

याच मालिकेत एक्स-मेन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी यांच्यातल्या तलवारींच्या द्वंद्वांनाही असंच अनपेक्षित वळण मिळतं. एक्स-मेनमधला सायफर मरायच्या तयारीने येतो आणि त्याचं 'द्वंद्व' निघतं प्रतिस्पर्धी बेइशी लग्न! काही वाचक यावर चिडले, पण मला हे पटलं. ज्या जगात दुसरा वार केला की शत्रू बरा होतो, तिथले नियम तलवारबाजाच्या अंदाजाने चालणार नाहीत.

म्हणजे 'जसंच्या तसं' नक्कीच नाही. अॅव्हलॉन हे जादूचं बेट आणि मर्लिन आर्थरच्या कथांमधून आले, फौज आणि खटले कॉमिक्सवाल्यांनी घातले, आणि अनूनचा स्वभाव अधूनमधून वर येतो. तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी पुइलची गोष्ट वाचा, तासाभरात होते. मग मूर-डेव्हिस. 'एक्स ऑफ स्वोर्ड्स' त्यानंतरच घ्या, कारण तिथली न्यायाधीश सॅटर्नाइन कोण आहे हे मूर-डेव्हिस वाचल्याशिवाय नीट लक्षात येत नाही.