आधी पाणी, मग पिशवी

प्रश्न : घरात आम्ही चौघं. सासूबाई इन्सुलिनवर आहेत. संकटकाळासाठी पिशवी भरायची आहे, पण सुरुवातच सुचत नाही.

उत्तर : ताई, सुरुवात पाण्यापासून करा. माणशी रोज ४ लिटर धरलं, तर चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागतं. एवढं पाणी पिशवीत मावत नाही. झाकणाचे कॅन घरातच ठेवा.

सासूबाईंची मला जास्त काळजी वाटते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. वीज गेली तर घाबरू नका, बहुतेक प्रकार ३० अंशांपर्यंतच्या साध्या खोलीतही साधारण चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते. मात्र कुपी बर्फाला टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही.

टॉर्चचे सेल बाहेर काढून ठेवा. एका रात्री मी बटण दाबत राहिले, उजेड पडेना. आत सेल गळून पांढरी पूड साचली होती आणि आई अंधारात गोळ्या चाचपत होती. तेव्हापासून सेल वेगळ्या डबीत, टॉर्चलाच बांधलेले असतात.

आणि चार फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या. त्यातला एक परगावच्या नातेवाइकाचा हवाच.