जुन्या गाडीची देखभाल साखळी गॅरेजवर सोपवावी का?

कांदिवलीत आपल्या घराजवळ एका मोठ्या साखळी गॅरेजची शाखा उघडली आहे, त्यांचे वर्षभराचे पॅकेज स्वस्त वाटते, तर १३ वर्षांच्या पेट्रोल गाडीची सगळी देखभाल त्यांच्यावर सोपवावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे, की ठरावीक कामे त्यांना निर्धास्तपणे द्यावीत, पण गाडीला नेमके काय झाले आहे हे ठरवण्याचे काम देऊ नये.

माझी सँट्रो झिंग २०१० ची आहे. २०२५ मध्ये १५ वर्षे पूर्ण झाल्यावर अंधेरी आरटीओत पासिंग करून आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पुढील ५ वर्षांसाठी वाढवून घेतली. टायर, अलाइनमेंट, बॅटरी आणि ऑइल बदलणे ही कामे मी साखळी गॅरेजमध्येच करतो. यंत्र चांगले असते, पक्के बिल मिळते आणि बॅटरी वॉरंटीत गेली तर भांडावे लागत नाही.

अडचण येते ती निदानाची. तीन वर्षांपूर्वी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी हळूहळू उतरू लागली, म्हणून गाडी अशाच एका शाखेत नेली. तिथल्या सल्लागाराने टॅबलेटवर रेडिएटरच्या कोपऱ्यातील पांढरट डागाचा फोटो दाखवला आणि रेडिएटर बदलावा लागेल असे सांगून ९,८०० रुपयांचे एस्टिमेट दिले, ज्यात इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणे) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंगही आपोआप येऊन बसले होते. मी गाडी परत घेऊन विलेपार्ल्यातील माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी विचारले, “कूलंट गाडी उभी असताना जातं, की चालवून आल्यावर?” हा प्रश्न शाखेत कोणीही विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, त्यांनी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला आणि होजच्या, म्हणजे कूलंटच्या रबरी नळीच्या, टोकावरून बोट फिरवत राहिले. काही मिनिटांतच क्लिपखाली एक थेंब जमला. तिथले रबर कडक होऊन चिरले होते. होजचे टोक अर्धा इंच कापून नवीन क्लिप बसवली, आणि रेडिएटर आजही तोच आहे. तो पांढरा डाग तर २०१९ च्या एका जुन्या गळतीचा होता आणि ती गळती त्यांनीच बंद केली होती. शाखेतल्या मुलाला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. दरवेळी गाडीसमोर नवा माणूस उभा राहतो आणि संगणकात मागची बिले असली तरी ती वाचायला त्याला वेळ नसतो. शिवाय अशा अनेक ठिकाणी सल्लागाराचा इन्सेंटिव्ह बिलाच्या रकमेशी जोडलेला असतो, हेही विसरू नये.

मिस्त्रींचेही चुकते, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यांच्याकडे लिफ्ट नाही, गाडीखाली ते जॅक लावून वाकून पाहतात. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजून पापुद्रे सुटू लागला आहे, हे अलाइनमेंटसाठी गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा शाखेतल्या माणसाने दाखवले. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि साचलेल्या पाण्यातून वर्षानुवर्षे गेलेल्या गाडीचा तळ असाच गंजत जातो. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर गाडी केवळ खालून पाहण्यासाठी मी तिथे नेतो.

पॅकेजमधील तपासणीची यादी लांबलचक असते, पण त्यातील बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या असतात: वायपर, दिवे, पाण्याची टाकी. जुन्या गाडीला खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या भागांचा. माझ्या गाडीत टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे इंजिनातील पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा. तो कव्हरखाली असतो, जुना झाल्यावर आवाज न करताही तुटू शकतो आणि अनेक इंजिनांत त्यानंतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडावे लागते. आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असल्यास तो कितव्या किलोमीटरला बदलायचा, हे शाखेत विचारून पाहा. मॅन्युअल न उघडता उत्तर आले तर सावध व्हा. ब्रेक ऑइलही तसेच, ते हवेतील ओल शोषून घेते आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही, म्हणून मी ते दर दोन वर्षांनी बदलतो.

सुट्या भागांबाबत एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कोणता ब्रँड बसवणार ते आधी लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. मॉडेल बंद झाले असेल तर शाखा “पार्ट येत नाही” म्हणून संपूर्ण असेंब्ली (अनेक भागांचा जोडलेला संच) बदलायला सांगते, आणि त्यातला खराब झालेला छोटा बुश (रबरी किंवा धातूची कडी) कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या दुकानांत सुटा मिळून जातो.

म्हणून पॅकेज घेऊ नका, कामापुरते पैसे द्या. गाडी देताना जॉबकार्डवर (करायच्या कामांच्या कागदावर) स्वतःच्या हाताने लिहा: “ऑइल, फिल्टर व अलाइनमेंट एवढेच, इतर काहीही फोनवर विचारल्याशिवाय करू नये.” मी हे लिहू लागल्यापासून इंजिन फ्लश बिलात पुन्हा आलेला नाही.