घरच्या लॅपटॉपसाठी अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये कंपनीनेच टाकून दिलेल्या अँटिव्हायरसची ट्रायल संपत आली आहे, तो रोज लाल खिडकी उघडून घाबरवतो, आणि आता पैसे भरायचे की फुकटातला दुसरा घ्यायचा ते कळत नाही. माझं उत्तर: दोन्ही करू नका. आहे तो काढून टाका आणि विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसला त्याचं काम करू द्या.

डिफेंडर म्हणजे तात्पुरती सोय, ही समजूत जुनी आहे. एकेकाळी ती खरीही होती. पण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजसोबतच येतो, आणि आता जर्मनीतली एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज अशा स्वतंत्र चाचणी संस्थांच्या निकालांत तो पैसे घेणाऱ्यांच्या रांगेत बसतो. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. हे निकाल बघायचे असतील तर एकाच फेरीतल्या अर्ध्या गुणाच्या फरकावर जाऊ नका, वर्षभराचे बघा. आणि खोटे इशारे किती दिले तेही बघा. चांगल्या फाइललाही व्हायरस म्हणणाऱ्या अँटिव्हायरसकडे माणूस हळूहळू दुर्लक्ष करायला लागतो, आणि मग खरा इशाराही त्यातच वाहून जातो.

दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. एकाच वेळी दोघांनी प्रत्येक फाइल अडवून तपासली तर मशीन रडकुंडीला येतं, म्हणून ही व्यवस्था आहे. तुमच्या दृष्टीने सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे ट्रायल संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवून देणं. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून तो अनइन्स्टॉल करा. चिवटपणे चिकटून राहिला तर बहुतेक कंपन्या आपल्या साइटवर खास काढून टाकण्याचं टूल देतात, ते चालवा. मग रीस्टार्ट करून ‘विंडोज सिक्युरिटी’ हे विंडोजमधलंच अ‍ॅप उघडा आणि रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे सतत चालणारी तपासणी, चालू झालंय ना ते पाहा. खात्री हवी असेल तर ‘आयकार’ची चाचणी फाइल आहे: फक्त ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर, जो अँटिव्हायरसने पकडायचा असं ठरलेलंच आहे. ती डाउनलोड करायला जा, डिफेंडर लगेच ओरडला पाहिजे.

फुकटातल्या अँटिव्हायरसबद्दल मी जरा कडक आहे. फुकट देणाऱ्यालाही पैसे कुठून तरी काढायचेच असतात. अवास्ट या फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या कंपनीने गोळा केलेली लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या तिच्याच उपकंपनीमार्फत विकली गेली. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर जम्पशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणात १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. प्रत्येक फुकट अँटिव्हायरस असंच करतो असं नाही. पण मुळात घरात एक चांगला फुकट अँटिव्हायरस असताना दुसरा कशाला? कधी शंका आलीच तर मालवेअरबाइट्स या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामची मोफत आवृत्ती फक्त स्कॅनपुरती वापरा, किंवा डिफेंडरचाच ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्यालाही फारशी जागा उरत नाही.

आता खरा मुद्दा. घरच्या माणसाचं नुकसान आजकाल बहुतेक वेळा त्याच्याच हाताने करवून घेतात. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबतच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. ते केल्यावर महागडा अँटिव्हायरस असला काय, नसला काय! फोनवरचा गोड बोलणारा माणूस स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला सांगतो. ते अ‍ॅप अधिकृतच असतं, म्हणून कोणताही अँटिव्हायरस ते अडवेलच असं नाही. आणि कोपऱ्यात येणारा ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ हा इशारा पुष्कळदा ब्राउझरचं नोटिफिकेशन असतं. कुठल्याशा साइटवर आपण नकळत ‘अलाव’ दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की ‘व्हायरस’ गायब. तुमची ती लाल खिडकी नेमकी कोणाची आहे, हेही एकदा तपासा.

अपडेट पुढे ढकलू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. घरात जुना विंडोज १० चा कॉम्प्युटर असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तिथे नवा अँटिव्हायरस घेण्याआधी विंडोजचं काय करायचं ते ठरवा.

फोटो आणि कागदपत्रं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची सोय आहे, ती मुळात बंद असते. चालू केली तर अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फोल्डरमधल्या फाइली बदलता येत नाहीत. सुरुवातीला ती एखाद्या साध्यासुध्या प्रोग्रामलाही अडवते आणि डोकं फिरवते, पण परवानगी एकदाच द्यावी लागते.

पैसे कोणी भरावेत? घरात चार-पाच उपकरणं आहेत, मुलांच्या वापरावर एकाच ठिकाणाहून लक्ष ठेवायचंय, किंवा अडल्यावर फोन करायला कोणी हवंय, तर भरा. मात्र पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत न बघता दुसऱ्या वर्षाची बघा. तीच खरी किंमत.

आणि ट्रायल सुरू करताना कार्डाची माहिती दिली असेल तर त्या कंपनीच्या खात्यात लॉगिन करून ऑटो-रिन्यूअल आजच बंद करा. प्रोग्राम काढून टाकला म्हणजे वर्गणीही रद्द झाली, असं होत नाही.